बहात्तर पायऱ्या आणि एक खिडकी: आमच्या इमारतीतल्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

मुलुंड पूर्वेला आमची इमारत आहे. तळमजला अधिक चार मजले, वीस घरं, बांधकाम १९७८ सालचं. लिफ्ट नव्हती. एका मजल्याला अठरा पायऱ्या, मध्ये लँडिंग, म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर. ज्यांनी तिशीत घरं घेतली त्यांनी त्या पायऱ्या कधी मोजल्या नसतील. पंचाहत्तरीत सगळ्यांना आकडा पाठ झाला.

सप्टेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या पाच महिन्यांत लिफ्टवरून आमच्याकडे जे झालं ते मी सविस्तर लिहिते आहे. त्या काळात मी सोसायटीची सेक्रेटरी होते. राहते दुसऱ्या मजल्यावर, गुडघे कुरकुरायला लागलेत, त्यामुळे लिफ्ट मलाही हवी होती. हे आधीच सांगितलेलं बरं. नावं कुणाचीच घेत नाही. इमारतीत आम्ही एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतो तीच इथे वापरते.

नाना तळमजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर, बेस्टमधून निवृत्त. चौथ्या मजल्यावर काकू आणि त्यांचा मुलगा, ज्याला सगळी इमारत दादा म्हणते. दादाला सायकल नानांनी शिकवली, संभाजी मैदानावर. दादाचे वडील गेले त्या रात्री घरात पहिले पोचले ते नाना. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं खाली येणं जवळजवळ थांबलं. भाजी, दूध, औषधं सगळं गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जायचं. एकदा रात्री त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तेव्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार पुरुषांनी जिन्याने खाली आणलं. खुर्चीचा पुढचा डावा पाय नानांनी धरला होता. हा तपशील पुढे लागणार आहे.

पहिली सभा आणि माझी चूक

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची चौदा दिवसांची नोटीस काढताना मी लिफ्टचा विषय अजेंड्यावर घेतला नाही. कोटेशन उशिरा आलं म्हणून तो ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये टाकला. इतका मोठा खर्च असा शेवटी, चहाचे कप गोळा होत असताना मांडायचा नसतो. ज्याचा विरोध असेल त्याला तयारीला वेळच मिळत नाही. मग तो मुद्द्याने न बोलता घाबरून बोलतो, आणि घाबरलेला माणूस भांडखोर दिसतो. पुढे जे बिघडलं त्याची सुरुवात माझ्या या कामचुकारपणात आहे.

कोटेशन बावीस लाखांचं होतं. वीस घरं, म्हणजे प्रत्येकी एक लाख दहा हजार. चेअरमननी आकडा वाचला आणि नाना उभे राहिले. “मी आयुष्यात लिफ्टचं बटण दाबणार नाही. मी का द्यायचे?”

कोणीतरी म्हणालं, उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, आहे की, वापरा न वापरा, लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान. नाना म्हणाले, ते देखभालीचं आहे, नवीन बसवण्याचं नाही. दोघांचे आवाज चढले. चौथ्या मजल्याने ‘तळमजलावाले’ म्हटलं, तळमजल्याने ‘वरचे’. आणि मग दादा, जो एरवी वरच्या पट्टीत बोलत नाही, तो बोलून गेला: “तळमजल्याला काय फरक पडतो? वर माणूस मेलं तरी चालेल!”

गच्चीवर एकदम शांतता झाली. नाना बसले, चप्पल शोधली आणि जिना उतरून गेले. खुर्ची धरून जो जिना उतरले होते, तोच.

मधले सहा आठवडे

दुसऱ्या दिवसापासून दादा आणि नाना बोलेनासे झाले. मैदानावर एक डावीकडून चालायला लागला, दुसरा उजवीकडून. पण मला गॅलरीतून एक गोष्ट दिसत होती, जी बहुतेक दादाला दिसली नसावी, कारण तो तेव्हा ऑफिसला गेलेला असायचा. सकाळी साडेदहाला वरून दोरी यायची आणि नाना कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलेलं काकूंचं औषध पिशवीत टाकायचे. आधीही टाकत होते. सभेनंतरही एक दिवस चुकला नाही. काकू वरून म्हणायच्या, “नाना, मिळालं हो.” तेवढंच.

हे पाहून मला वाटलं, आता फक्त दोघांना समोरासमोर बसवायचा अवकाश. मी दादाला तयार केलं, तो माफी मागायला लगेच कबूल झाला. त्याला झोप लागत नव्हती. मग नानांकडे गेले. म्हटलं, आधी हात मिळवा, लिफ्टचं नंतर बघू. नानांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “ताई, मला माफी नको. त्याने माफी मागितली की मी मोठ्या मनाने सोडून द्यायचं, आणि सोडून दिलं की लिफ्टलाही हो म्हणायचं. नाही म्हटलं तर मी आडमुठा. माफी राहू दे. माझं म्हणणं काय ते ऐका, मग जो काय निर्णय घ्यायचा तो घ्या.”

मी घरी येऊन त्यावर बराच विचार केला. आपल्याकडे गोडीगुलाबीचा आग्रह बहुतेक वेळा ज्याचा मुद्दा अडचणीचा आहे त्यालाच धरला जातो. ‘जाऊ दे ना नाना’, ‘एकाच इमारतीत राहायचंय’, ‘शेजाऱ्यांत कशाला कटुता’. ही सगळी वाक्यं खरी आणि प्रेमाची असतात, पण ती ऐकणाऱ्याला कळतं की आता माझं तोंड बंद करायचं चाललं आहे. मैत्री राखण्यासाठी मतभेद गिळायला लावला की तो पोटात राहतो. नानांच्या पोटात असाच एक सतरा वर्षं राहिला होता. तोवर मला त्याची कल्पना नव्हती.

बाईंचा पूर्वपक्ष

पहिल्या मजल्यावर आमच्या बाई राहतात. शाळेत संस्कृत शिकवायच्या, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी न्यायशास्त्र काढलं, म्हणजे तर्क आणि चर्चेचं जुनं शास्त्र. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडून काढायची, ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ शब्द आपण तोच अर्थ घेऊन वापरतो, पण ‘वाद’ या शब्दाचं मात्र वाईट केलं. वाद म्हणजे भांडण, असा आपल्या बोलण्यातला अर्थ झाला. मूळ यादीत तो तिघांतला सगळ्यात चांगला आहे.

मग त्या म्हणाल्या, “आणि शास्त्री लोक वादाला बसले की आधी पूर्वपक्ष मांडायचे. म्हणजे समोरच्याचं म्हणणं. तेही लेचंपेचं करून नाही. त्याने स्वतः मांडलं असतं तितकं भक्कम. त्यानंतर आपलं उत्तर. तुझ्या सभेत एकाने तरी असं केलं का?”

कोणीच केलं नव्हतं. मीसुद्धा नाही. नानांचं म्हणणं काय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ‘त्यांना पैसे द्यायचे नाहीत.’

त्या आठवड्यात मी उपविधीचं पुस्तक नीट वाचलं. आदर्श उपविधीत सभासदांकडून घ्यायच्या आकारणीची वाटणी दिली आहे, आणि गंमत म्हणजे त्या एका कलमात न्यायाच्या निरनिराळ्या मोजपट्ट्या आहेत. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. पार्किंगचे पैसे ज्याची गाडी असेल त्याला. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, किमान ०.२५ टक्के. लिफ्टची देखभाल आणि चालवण्याचा खर्च समान, वापर असो वा नसो. म्हणजे ‘जो वापरेल तो देईल’ हे नानांचं तत्त्व पुस्तकात आहे आणि ‘इमारत एक, खर्च एक’ हे दादाचंही आहे. दोघांपैकी कोणी लबाड नव्हतं, दोघं दोन खऱ्या तत्त्वांना धरून उभे होते. नव्या लिफ्टच्या खर्चाची वाटणी सर्वसाधारण सभेने ठरवायची होती, आणि ती ठरवायला कुठली मोजपट्टी घ्यायची हाच खरा प्रश्न होता.

दुसरी सभा

नोव्हेंबरात विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच, नोटिशीवर ठळक. तिला पाच दिवसांची नोटीस पुरते, मी पंधरा दिवस आधी काढली. इंजिनीअरचे नकाशे नोटिशीबरोबर प्रत्येक घरी दिले. सुरुवातीला दोन गोष्टी सांगितल्या: आज मतदान नाही, आणि ‘तळमजला’, ‘वरचे’, ‘तुम्ही लोक’ हे शब्द आज नकोत. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला नावाने किंवा नात्याने हाक मारा.

मग दादाला विचारलं, नानांचं म्हणणं सांगशील? नाना ‘बरोबर’ म्हणेपर्यंत सांगायचं.

दादा म्हणाला, “नाना लिफ्ट वापरणार नाहीत, म्हणून त्यांना खर्चात पडायचं नाही.”

नाना म्हणाले, “नाही.”

दादाने नकाशा हातात घेतला. त्याने तो वाचला होता, हे मला बरं वाटलं. म्हणाला, “लिफ्टचा शाफ्ट, म्हणजे ती वर-खाली जाते तो उभा बोगदा, पश्चिमेला येतोय. नानांच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, ती त्या बाजूला. विटांची भिंत उठली की दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल. म्हणजे पैसेही नानांनी द्यायचे, आणि अंधारही त्यांच्याच घरात.”

पहिल्या सभेत हा मुद्दा कोणी काढलाच नव्हता. नानांनीही नाही, त्यांना तेव्हा नकाशा मिळालेलाच नव्हता. “हे आहे,” नाना म्हणाले. “पण अजून आहे.”

दादा थांबला. त्याला पुढचं माहीत नव्हतं. बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मला घाई करावीशी वाटत होती, पण बाईंनी डोळ्यांनी थांब म्हटलं. शेवटी दादा म्हणाला, “नाना, मला नाही माहीत. तुम्ही सांगा.”

नानांनी २६ जुलै २००५ सांगितला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे मुंबईत प्रत्येकाला पाठ आहे. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. नानांचं कपाट, गाद्या, मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या, सगळं गेलं. वरच्या घरांनी त्यांना दोन रात्री ठेवून घेतलं, जेवू घातलं, यात काही कमी नव्हती. पण महिन्याभराने सोसायटीच्या सभेत नानांनी विचारलं, दारापुढचा चौथरा उंच करू या, पाणी उपसायचा पंप घेऊ या, सगळे मिळून. तेव्हा उत्तर मिळालं होतं की तळमजल्याचा प्रश्न तळमजल्याने बघावा. मी इतिवृत्ताची जुनी वही मागवली. ठराव होता. ‘तळमजल्यावरील सभासदांनी आपापल्या सदनिकांची व्यवस्था स्वखर्चाने करावी.’ सूचक आणि अनुमोदक दोघंही वरच्या मजल्यांवरचे. अनुमोदक दादाचे वडील होते.

नाना म्हणाले, “मला तेव्हाच्या पैशाचं काही नाही. पण पाणी आलं तेव्हा ते ‘तुमचं’ होतं. आता जिना आला तर ‘आपला’ झाला. ‘आपण’ म्हणता तेव्हा माझं पाकीट धरता.”

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’ म्हणताना आत. पहिल्या सभेत आम्ही सगळ्यांनी ‘आपण’ शब्द अगदी सढळ वापरला होता, आणि तो ज्याला ऐकवायचा त्याला वहीतून सतरा वर्षं बाहेर ठेवलं होतं.

दादाने ठराव वाचला, वडिलांची सही बघितली. मग त्याने सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, पैसे, खिडकी, २००५, आणि शेवटी म्हणाला, “नानांचं म्हणणं, इमारत एक असेल तर ती दोन्ही वेळेला एक असायला हवी.” नाना म्हणाले, “बरोबर.”

मग पाळी नानांची. ते एका दमात बोलले. “वहिनींना खाली आणायला चार माणसं लागतात. मी त्यातला एक होतो. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला, त्याचा वळ दोन दिवस होता. पुढच्या वेळी चार माणसं घरात असतील याची खात्री नाही. आणि मरायला टेकल्यावरच खाली यायचं, याला काही जगणं म्हणत नाहीत.” दादा ‘बरोबर’ म्हणालाच नाही, त्याला बोलता येत नव्हतं.

त्या रात्री निर्णय काही झाला नाही. माफीबिफी कोणी मागितली नाही. पण जिना उतरताना दादा नानांच्या पुढे दोन पायऱ्या चालत होता, वयस्कर माणूस उतरताना चालतात तसा.

आकडे

यानंतरचं काम सोपं होतं असं नाही, पण ते काम होतं, भांडण नव्हतं. इंजिनीअरने दुसरी जागा सुचवली: शाफ्ट जिन्याच्या मागे घ्यायचा. नानांची खिडकी वाचत होती. पण मग लिफ्ट मधल्या लँडिंगला थांबणार आणि प्रत्येकाला नऊ पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागणार. मुंबईतल्या पुष्कळ जुन्या इमारतींत नंतर बसवलेल्या लिफ्टची हीच गत आहे. काकूंना नऊ पायऱ्या म्हणजे परत दोन माणसं. इथे दोन्ही बाजूंचं पूर्ण समाधान होणं शक्य नव्हतं. नानांचा उजेड किंवा काकूंच्या नऊ पायऱ्या.

शेवटी शाफ्ट पश्चिमेलाच ठेवला, पण विटांऐवजी लोखंडी सांगाडा आणि दोन बाजूंना काच. दोन लाख वाढले, एकूण चोवीस. वाटणी बाईंनी कागदावर मांडली: एकास दोनास तीनास चारास पाच. तळमजल्याच्या प्रत्येक घराला चाळीस हजार, पहिल्याला ऐंशी हजार, दुसऱ्याला एक लाख वीस, तिसऱ्याला एक लाख साठ, चौथ्याला दोन लाख. चार-चार घरं धरली की बरोबर चोवीस लाख. देखभाल उपविधीप्रमाणे समान. दोन्ही मोजपट्ट्या वापरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला हे महाग वाटलं, त्यांना हप्ते करून दिले.

आणि एक वेगळा ठराव: २००५ चा ठराव रद्द, तळमजल्याच्या दारापुढचा चौथरा उंच करणं आणि पंप सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून. हा ठराव दादाने मांडला. एकमताने मंजूर झाला.

जानेवारी २०२३ च्या सभेला सतरा सभासद होते. लिफ्टच्या बाजूने चौदा, तटस्थ दोन, विरोधात एक. विरोधात नाना.

काही जणांना ते आवडलं नाही. एवढं सगळं करून शेवटी विरोधच? मला मात्र त्या हाताबद्दल फार आदर वाटला. त्यांचा उजेड जाणार होता हे खरंच होतं, काचेने तो अर्धाच वाचणार होता. चौथऱ्याच्या बदल्यात त्यांनी मत दिलं असतं तर तो सौदा झाला असता, आणि त्यांना तो सौदा करायचा नव्हता. त्यांनी मला इतिवृत्तात लिहायला लावलं: ‘स्वयंपाकघराचा प्रकाश कमी होणार असल्याने विरोध. निर्णय मान्य.’ चाळीस हजारांचा चेक त्यांनी सगळ्यांत आधी दिला.

नंतर

महापालिकेची परवानगी, आणि लिफ्टच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे बसवण्याची मंजुरी वेगळी, चालवण्याचा परवाना वेगळा, यात वर्ष गेलं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी नारळ फोडायला काकूंना बोलावलं होतं, पण त्या म्हणाल्या, तुम्ही फोडा, मी खाली येते. दार उघडलं तेव्हा त्या आत स्टुलावर बसल्या होत्या, अंगावर ठेवणीतली साडी. बाहेर आल्या की समोर नानांची खिडकी, चार फुटांवर. नाना आत ट्यूबलाइट लावून चहा करत होते. त्यांनी गजांतून कप बाहेर दिला.

“वहिनी, उजेड गेलाय हो. बघा.”

काकूंनी कप घेतला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, “हो नाना. गेलाय खरा.”